तुळजाक्काचा तुंडू

आमच्या तंजावुरात बसमधली जागा बसून धरत नाहीत, तुंड्यानं धरतात. तुंडू म्हणजे पंचा. बस स्टँडात शिरते न शिरते, चाकं अजून फिरतच असतात, तोवर खाली उभा असलेला माणूस खांद्यावरचा तुंडू काढून खिडकीतनं सीटवर फेकतो. मग तो सावकाश चढला तरी चालतं. आतली माणसं चेंगरतील, एकमेकांच्या पायांवर उभी राहतील, शिव्या देतील, पण तुंडू पडलेल्या जागेवर कुणी टेकणार नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. लिहिलेल्या कायद्यांचं काय होतं ते पुढे सांगतेच.

तुंडू टाकणं हे पुरुषांचं काम. बायका फार तर रुमाल टाकतात, नाहीतर डब्याची पिशवी. बाई असून खांद्यावर पदराच्या जोडीला तुंडू घेऊन हिंडणारी मी एकच पाहिली, ती तुळजाक्का. लाल काठाचा, धुऊन धुऊन पातळ झालेला, कडेला हळदीचा डाग असलेला तुंडू. "नवऱ्याचा आहे," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. "नवरा घरी बसलाय. तुंडू तेवढा कामाला येतो."

आम्ही दोघी मेडिकल कॉलेजच्या बाजूनं येणाऱ्या टाउन बसनं ऑफिसला जायचो. तुळजाक्काचा नेम असा की तुंडू कधी चुकायचा नाही, आणि धरलेल्या जागेवर ती स्वतः कधी बसायची नाही. चढल्यावर ती गर्दीवर नजर फिरवायची, एखादी पोटुशी, एखादी कडेवर मूल घेतलेली, एखादी नुसतीच दमलेली बाई हेरायची आणि तिला दंड धरून बसवायची. त्या बाईनं "तुम्ही बसा की" म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय." उतरायची मात्र शेवटच्या स्टॉपला, जुन्या बस स्टँडवर. मी एकदा विचारलं, "अक्का, कसाला उगाच खोटं बोलता?" तर म्हणाली, "खरं सांगितलं तर ती बसेल काय?"

'कसाला' म्हणजे 'कशाला'. माझी सून पुण्याची आहे, ती हा शब्द ऐकून अजून हसते. आमचं मराठी असंच आहे, राजांबरोबर आलं आणि तमिळ सांबारात मुरलं. पण त्याचा एक मोठा उपयोग होता. ऑफिसात मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळे तुळजाक्का तोंडानं तमिळात "होय सार, लगेच सार" म्हणायची आणि त्याच दमात, तोच गोड चेहरा ठेवून, मराठीत सारांचा उद्धार करायची. सार म्हणायचे, "काय म्हणालीस अम्मा?" ती म्हणायची, "स्वामीचं नाव घेतलं, सार." मी हसू दाबण्यासाठी टेबलाखाली वाकायची. इतक्यांदा वाकायची की माझी कंबर धरते असा सगळ्यांचा समज होता.

ऑफिस म्हणजे एका खाजगी बस कंपनीचं. दिवसा कुंभकोणम, पापनाशमकडे धावणाऱ्या गाड्या आणि रात्री मद्रासला जाणारी गाडी, तिचं रिझर्वेशन. खिडकीमागे आम्ही तिघी. तुळजाक्का पार्सलं बघायची, मी हिशेब, आणि सेल्वी रिझर्वेशन. सेल्वी आमच्यात सर्वांत लहान, नवीन लग्न झालेली. हात असा चालायचा की गिऱ्हाईक खिशातनं पैसे काढेपर्यंत तिकीट तयार. त्यातून वर ती त्याची थट्टाही करायची. "मामा, खिडकीशेजारची देऊ? वारा लागून उरलेले केसही उडतील."

ते दिवस नव्या वाऱ्याचे होते. मद्रासहून शिकून चिन्नवर आले, म्हणजे धाकटे मालक. त्यांचे वडील पेरियवर, म्हणजे थोरले, दुखण्यानं घरी बसले होते. चिन्नवर लाल टाय लावायचे. तंजावूरच्या उन्हात टाय. आज मला त्याचं हसू येतं, पण तेव्हा मी त्या टायवर भाळले होते हे सांगून टाकलेलं बरं. ते म्हणायचे, आता जग उघडलंय, आता स्पर्धा आहे, आता झोपून चालणार नाही. मी रोज माना डोलवायची. त्यांनी फिरत्या खुर्च्या आणल्या, त्या दिवशी मी आनंदानं दोन गिरक्या घेतल्या आणि शाईची दौत पाडली. कंप्यूटर आला तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावलं आणि संध्याकाळी घरी सांगितलं की देश पुढे चाललाय. तुळजाक्का नव्या खुर्चीवर बसलीच नाही. "फिरते ती खुर्ची कुणाची नाही," म्हणाली आणि जुना स्टूल ओढून घेतला.

सेल्वी बाळंतपणाला तिरुवैयारूला आईकडे गेली. मुलगी झाली. आम्ही साखर वाटली. रजा संपली तरी ती आली नाही. निरोप आला, बरं नाही. काय बरं नाही ते कुणी सांगेना. एका रविवारी तुळजाक्का म्हणाली, "अंबू, चल, बघून येऊ." मी बाळासाठी फुंदा लावलेली टोपी विणून नेली. उन्हाळ्यात, लोकरीची. माझी अक्कल तेवढीच.

नदीकाठच्या त्या घरात सेल्वी भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. साडीच्या झोळीत मूल रडत होतं आणि ती समोरच्या चुलीकडे बघत होती. तिची आई सारखी आत-बाहेर करत बोलत होती. नजर लागली, मांत्रिकाला दाखवलं, दंडाला दोरा बांधला, सासू म्हणते सोंग करते. मी टोपी पुढे केली. सेल्वीनं ती हातात घेतली आणि मांडीवर ठेवली, एखाद्यानं पार्सल ठेवावं तशी.

तुळजाक्कानं मूल उचललं, खांद्यावर घातलं, ते तुंड्यात तोंड खुपसून गप्प झालं. मग ती सेल्वीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि काहीच बोलली नाही. मी मात्र बोलत होते. मुलगी गोरी आहे, नाक तुझ्यावर गेलंय, आता हसून दाखव बघू. तुळजाक्कानं माझ्या पावलावर असा चिमटा काढला की मी गप्प झाले.

शेवटी सेल्वी म्हणाली, "अक्का, ती रडते तेव्हा शेजारच्या घरातलं कुणी रडतंय असं वाटतं. उठावं असं वाटतच नाही." आणि मग, तेवढाच एक प्रश्न तिनं विचारला, "माझी जागा गेली काय?"

"नाही," तुळजाक्का म्हणाली.

"सासू म्हणते नोकरी गेली की बरंच झालं, मग ही जाते कुठे. अक्का, तिथे खिडकीत बसले की मला सगळं जमतं. इथे काही जमत नाही."

"जागा आहे," तुळजाक्का म्हणाली. "मी सांगते ना."

दुसऱ्याच दिवशी तिनं सेल्वीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाळंतपणानंतर काही जणींना मनाचा हा आजार होतो, हा खरा आजार आहे, औषधानं आणि विश्रांतीनं बरा होतो, काही आठवडे लागतील. त्यांनी तसं सर्टिफिकेट दिलं. आजाराचं नाव घालून, सही-शिक्क्यासह. ते तुळजाक्कानं चिन्नवरांच्या टेबलावर ठेवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

का बिघडलं ते सांगते, कारण आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. आमच्या ऑफिसात आजारपणाची रजा सगळेच घ्यायचे आणि सगळ्यांना एकच आजार व्हायचा, कावीळ. भावाचं लग्न असलं की कावीळ, भात कापणीला आला की कावीळ. ज्यांना कावीळ होऊन गेली त्यांना विषमज्वर. मला स्वतःला कावीळ झाली ती मद्रासला बहिणीकडे. तिथे मी चार सिनेमे पाहिले, समुद्रावर उकडलेल्या चण्यांचं सुंडल खाल्लं, नव्या बांगड्या भरल्या आणि गोल गरगरीत होऊन परत आले. चिन्नवरांनी विचारपूस केली, "तब्येत सांभाळा अम्मा, अशक्तपणा असेल." पगार पूर्ण मिळाला.

आणि सेल्वीचं खरं सर्टिफिकेट वाचून तेच चिन्नवर म्हणाले, "ताप नाही, जखम नाही. हा कसला आजार? माझ्या आईला पाच मुलं झाली, ती तिसऱ्या दिवशी विहिरीवर होती." मग आवाज खाली आणून, "आणि डोक्याचा आजार म्हणजे... कॅश असते खिडकीवर. गिऱ्हाईकं असतात. कंपनीचं नाव आहे." ती रजेवर आहे तोवर दुसरी मुलगी बघू, कंप्यूटर शिकलेली, आणि ही बरी झाली तर मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते त्या ऑफिसातल्या मांजरालाही कळत होतं.

हेडक्लार्कनं संध्याकाळी तुळजाक्काला कोपऱ्यात घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अम्मा, हा कागद परत घ्या. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, कावीळ लिहून देतो. आजच्या आज रजा मंजूर."

मीही म्हटलं, "अक्का, घ्या की. काय बिघडलं?"

ती माझ्याकडे वळली. "अगे, तुझं खोटं दुखणं चाललं आणि तिचं खरं चालत नाही? मग उद्या ती खिडकीत बसली आणि एखाद्या दिवशी तिचा हात थांबला, तर काय सांगणार? कावीळ उलटली? जन्मभर लपवत बसायचं काय, चोरी केल्यासारखं?" आणि हेडक्लार्कला तमिळात गोड आवाजात, "राहू दे सार, उपकार झाले."

बाळंतपणातनं उद्भवलेल्या आजाराला वेगळी रजा कायद्यात होती, तिला त्या काळात काढता येत नव्हतं, हे मला पुष्कळ वर्षांनी माझ्या वकील मुलानं सांगितलं. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांचा त्यात काही फायदा नव्हता. मुलगा म्हणतो, तुम्ही तक्रार का नाही केली? मी म्हटलं, बाबा, आम्ही तिथे बस धरायच्या घाईत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाक्का ऑफिसात आली ती थेट सेल्वीच्या टेबलाशी गेली. खांद्यावरचा तुंडू काढला, झटकला, आणि सेल्वीच्या फिरत्या खुर्चीवर टाकला. बस एवढंच. मग आपल्या स्टुलावर जाऊन पार्सलांना सुतळी बांधू लागली.

रिझर्वेशन आम्ही दोघींनी उभ्यानं वाटून घेतलं. खुर्चीवर कुणी बसलं नाही. ड्रायव्हर, कंडक्टर चहा प्यायला आत यायचे, एरवी मिळेल त्या खुर्चीवर पसरायचे. तुंडू बघितला की नुसते विचारायचे, "सेल्वी कशी आहे?" झाडणारी बाई तो उचलून खालचं झाडायची आणि पुन्हा होता तसा ठेवायची. रोज संध्याकाळी तुळजाक्का तो घरी न्यायची, धुवायची, रोज सकाळी आणून टाकायची. त्या दिवसांत बसमध्ये तिनं जागा धरली नाही, कारण तुंडू मळला असता म्हणे. मी म्हटलं, "अक्का, दुसरा तुंडू घ्या." तर म्हणाली, "नवरा दुसरा देत नाही."

एकदा पेरियवर औषधाला जाताना वाकडी वाट करून ऑफिसात आले. तरुणपणी त्यांनी स्वतः कंडक्टर होऊन शिट्टी फुंकलेली. तुंड्याकडे बघितलं, तुळजाक्काकडे बघितलं, आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले. ते बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मोठी माणसं अशा वेळी फक्त बघून जातात. त्यांच्या त्या बघण्याचं तेव्हा मी घरी फार कौतुक सांगितलं होतं.

मग तो सोमवार आला. चिन्नवर एका मुलीला घेऊन आत आले. पापनाशमची, ताजी कंप्यूटर शिकलेली, वेणीत अबोलीचा गजरा, हातात डबा. खिडकीबाहेर गिऱ्हाईकांची रांग, दारात दोन-तीन कंडक्टर. चिन्नवर म्हणाले, "अम्मा, ही आजपासून इथे. बस गं."

मुलीनं खुर्चीकडे बघितलं. "सार, तुंडू आहे."

"हो, कुणीतरी विसरलंय." चिन्नवरांनी तो दोन बोटांनी उचलला आणि बाजूला टाकला. तो जमिनीवर पडला.

त्यांच्याकडे पहिल्यापासून मोटार होती. जन्मात कधी ते स्वतःच्या कंपनीच्या बसमध्ये चढले नव्हते. आपण काय केलं ते त्यांना कळलंच नाही. दारातल्या कंडक्टरनं जीभ चावली. रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अय्यो."

मुलगी बसली नाही. "सार, धरलेली जागा आहे," ती हळूच म्हणाली.

"ही बस आहे काय? बस म्हणतो ना."

तेव्हा तुळजाक्का उठली. मला वाटलं, आता मराठीत काहीतरी पुटपुटेल आणि मला टेबलाखाली वाकावं लागेल. मी तयारीतही होते. पण ती तमिळात बोलली. चांगल्या खणखणीत तमिळात, खिडकीबाहेर रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी.

"सार, ही जागा सेल्वीची आहे. ती आजारी आहे. तुम्हाला कागद दिलाय. या ऑफिसात काविळीनं मरता मरता वाचलेली माणसं बसली आहेत. या अंबूला विचारा, तिची कावीळ मद्रासच्या कुठल्या थिएटरात बरी झाली. तिला तुम्ही पगार दिलात, वर तब्येत सांभाळा म्हणालात. आणि जी खरी आजारी आहे, जिला पोटच्या पोरीचं रडणं ऐकू येईना झालंय, तिला घरी बसवता. का, तर तिनं खरं लिहिलं. तुमच्या आई तिसऱ्या दिवशी विहिरीवर होत्या म्हणता. त्या तिथे उभ्या राहून विहिरीत काय बघत होत्या, ते कधी विचारलंत त्यांना?"

चिन्नवरांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. मला वाटलं, आता आपणही उठून उभं राहावं. आयुष्यात पहिल्यांदाच मला शूर व्हावंसं वाटलं होतं. मी ताडकन उठले, पण पदर ड्रॉवरमध्ये अडकला होता. माझ्याबरोबर ड्रॉवरही उठला, आणि टाचण्या, रबरी शिक्के, माझी पावडरची डबी, सगळं चिन्नवरांच्या बुटांवर सांडलं. त्या लढाईतली माझी कामगिरी ती एवढी.

पापनाशमच्या मुलीनं वाकून आधी तुंडू उचलला. झटकला. घडी घालून खुर्चीवर ठेवला. मग माझ्या टाचण्या वेचू लागली. दारातला कंडक्टर म्हणाला, "सार, गाडीची वेळ झाली," आणि जागचा हलला नाही. कुणीच हललं नाही. चिन्नवर म्हणाले, "हिला एक स्टूल द्या," आणि केबिनमध्ये गेले.

सेल्वी परत आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. बारीक झाली होती, हात थोडा हळू चालत होता. पहिल्या दिवशी खुर्चीशी येऊन उभी राहिली, तुंडू उचलला, काय करावं कळेना म्हणून तोंडाशी धरला. तुळजाक्का म्हणाली, "इकडे आण तो, बसमध्ये लागतो." हळूहळू सेल्वीची थट्टाही परत आली. पहिल्यांदा तिनं एका गिऱ्हाइकाच्या टकलावर शेरा मारला, तेव्हा तुळजाक्कानं सुतळीला गाठ मारता मारता मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. सेल्वी त्या खिडकीत पुष्कळ वर्षं बसली. मुलगी शाळा सुटल्यावर तिथेच टेबलाखाली बसून अभ्यास करायची.

आणि तुळजाक्का? तिला बढती मिळाली. चिन्नवरांनी असंच लिहिलं होतं, बढती. पापनाशमच्या पार्सल शेडची प्रमुख. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. पंखा नाही, खुर्ची नाही, हाताखाली कुणी नाही, बसायला भाताची पोती. रोज जाऊन-येऊन बसचा प्रवास. खरं बोलल्याबद्दल माणसाला शिक्षा करायची आणि तिला बढती म्हणायचं, हे नव्या जगाचं शहाणपण मी तिथे शिकले, आणि कंप्यूटरला हळदकुंकू लावायचं सोडलं. मी रडत म्हटलं, "अक्का, हे बरं नाही झालं." ती म्हणाली, "तू नाक पूस आधी. पोती मऊ असतात." आणि मग मराठीत चिन्नवरांचा असा काही उद्धार केला की मला रडता रडता टेबलाखाली वाकावं लागलं.

त्यानंतर आमच्या वेळा जुळेनात. मग मी नोकरी सोडली, मुलांच्या मागे लागले. तिला शेवटचं पाहिलं ते असंच. कुंभकोणमला एका लग्नाला गेले होते, परतताना बस पापनाशमच्या स्टँडात शिरली. माझ्या शेजारचा माणूस उठला, आणि त्याची जागा गार व्हायच्या आत खिडकीतनं काहीतरी ओलसर माझ्या तोंडावरनं सीटवर येऊन पडलं. लाल काठ. हळदीचा डाग.

ती गर्दीतनं रेटत आली. केस सगळे पांढरे, पाठीत वाकलेली. पुढ्यात दंड धरून एक मुलगी, कडेवर चार दिवसांचं वाटावं असं मूल. मुलीला तिनं माझ्या शेजारी बसवलं आणि तुंडू उचलून खांद्यावर टाकला. मी धडपडत उठले. "अक्का, तुम्ही माझ्या जागेवर बसा."

तिनं डोळे बारीक करून बघितलं. "अंबू काय?"

"होय अक्का."

"बैस तू. कावीळ झालेली बाई, उभी कसाला राहतेस."

शेजारच्या मुलीनंही मूल सावरत, आजीला हाक मारावी तसं म्हटलं, "पाट्टी, तुम्हीच बसा की."

"मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय," तुळजाक्का म्हणाली, दांड्याला हात घातला, आणि तंजावूरपर्यंत उभी राहिली.